बरंवाईट

जालिंदर शेडगेनं जिवाचं बरंवाईट करून घेतलं,
असं मुकादमानं सांगितलं
पहाटे पावणेचारला, कांद्याचा ट्रक अर्धा उतरलेला.
मी काट्यावर होतो.
बावन्न किलो चारशे, एवढं लिहिलं
आणि पुढच्या गोणीचा आकडा लिहायचा राहिला.

बरंवाईट.
यातलं वाईट कळतं.
बरं कुठंय, ते शोधत
वाशीहून कोपरखैरण्यापर्यंत सायकल मारत आलो.

तोवर आमच्या सेक्टरात सगळ्यांना कारण सापडलं होतं.
पहिल्या जिन्यात पतपेढीचं कर्ज.
दुसऱ्या जिन्यात बायकोचं नाव, हळू आवाजात,
ती तीन पावलांवर बसलेली असताना.
गिरणीवाला म्हणाला, दारू.
कुणीतरी म्हणालं, तो घ्यायचा नाही.
मग गिरणीवाला म्हणाला, तेच तर.
टपरीवर एकानं चुना मळत निकाल दिला, भित्रा निघाला.
आणि त्याच्याच टोळीतला, बावीस वर्षं सोबत राबलेला,
डोळे पुसत बोलला,
पन्नास किलो मानेवर घेऊन फळीवरनं चालायचा रे,
एवढंसं पेललं नाही?

एवढंसं.
मी मापाडी आहे. एकोणीस वर्षं तोलतोय.
एवढंसं म्हणजे किती
हे मला सांगता येणार नाही.

त्याचा फोटो चोवीस तास सगळ्यांच्या फोनवर होता.
खाली जोडलेले हात, ओळीनं.
इतके हात एका गोणीला
कधी लागलेले मी पाहिले नाहीत.
पंचविसाव्या तासाला तिथं कुणाच्या तरी भाचीचं बारसं.

मला आठवतं ते असं:
महिनाभर तो हुक विसरून यायचा.
चहा घ्यायचा, धरून ठेवायचा, आणि
साय धरलेला कप तसाच कट्ट्यावर.
एकदा गोणी उतरवून स्वतःच काट्यावर उभा राहिला,
म्हणाला, बघ रे, किती भरतोय.
चौपन्न.
दिवाळीत त्रेसष्ट होता.
मी म्हणालो, च्यायला, तुझ्यापेक्षा गोणी बरी.
दोघंही हसलो.
मी. तोलणारा माणूस. मी हसलो.

बाकी बोलणं रोजचंच.
काय, बरंय ना?
बरंय.
गेटवर बरंय, गाळ्यावर बरंय,
पगाराच्या रांगेत बरंय.
होतं नव्हतं तेवढं बरं
आम्ही असं वाटेत सांडत गेलो.
त्यानं घरी काय नेलं असेल?

दहाव्याला वहिनीनं विचारलं,
तुमच्यापाशी काही बोलले होते का?
नाही वहिनी, मी म्हणालो,
बरा होता.
जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं.

आता त्याच्या जागी बबन यमगर आहे. जतचा.
मानेला अजून घट्टा पडलेला नाही.
काल रात्री गोणी पाठीवर, घाम डोळ्यांत,
जाताजाता सहज म्हणाला,
काय मापाडी, बरंय ना?

तोंडात तयार होतं.
तरी म्हणालो,
नाही.
झोप नाही मला. महिना झाला.
आकडे दिसतात, त्यातला एक पुसत नाही.

तो थांबला. गोणी तशीच पाठीवर.
मागनं मुकादम ओरडला.
बबन म्हणाला, थांबा, एवढी टाकून येतो,
आणि गेला.
वाटलं, गेला.
काट्याचा आकडा शून्यावर येऊन
बराच वेळ तसाच होता.

आला. हातात दोन चहा.
काही बोलला नाही. बोलायचं काय हे त्यालाही कुठं माहीत.
बाजूच्या गोणीवर बसला, हुक खाली ठेवला,
आणि माझ्याकडं बघत राहिला, घाई नसल्यासारखा.

मी बोललो.
जालिंदरपासून सुरुवात केली, माझ्यापर्यंत यायला वेळ लागला.
मुकादम दोनदा ओरडून गेला.
ट्रक तसाच, अर्धा.